तिसरी ओळ

बोलता बोलता ते टेबलावरचा कागदी नॅपकिन ओढून घेत, शर्टाच्या खिशातलं बॉलपेन काढत आणि त्यावर एकाखाली एक अशा तीन आडव्या ओळी मारत. "हं, बोला," म्हणत. समोरचा बोलला की त्याचं म्हणणं पहिल्या ओळीवर लिहीत आणि मान वर न करता विचारत, "आणि ते कशामुळे?"

ज्यांच्यासमोर ठोकून देता येत नाही अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. अशी माणसं बहुधा समोरच्याला गप्प करतात. हे गप्प करत नसत. पुढची रिकामी ओळ दाखवत आणि पेन उचलून वाट बघत बसत. त्यापेक्षा अपमान केलेला परवडला असता.

नाव सांगत नाही. त्यांच्या पत्नी अजून आहेत आणि नाव कुठे येऊ देणार नाही असा शब्द मी त्यांना दिला आहे. एक शब्द मी त्या गृहस्थांनाही दिला होता. तो पाळला नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीतलं आमचं मंडळ लहान होतं. महिन्यातून एका शनिवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमायचं, प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा. बायका वर किचनमध्ये, पुरुष खाली, आणि खाली फक्त राजकारण. मी दोन्हीकडे असायची. मंडळाचं त्रैमासिक मी काढत असे, म्हणजे सगळा अंक स्वतःच्या हातानं लिहून त्याच्या झेरॉक्स काढत असे, त्यामुळे मला कुठेही बसायची मुभा होती. आणि खरं सांगायचं तर खालच्या गप्पा मला भाज्यांच्या गप्पांपेक्षा जास्त आवडत.

एकदा एक इंजिनियर तावातावानं म्हणाले, "अहो, इथले लोक आळशी झालेत. सरकारी चेकवर जगतात. ह्या प्रेसिडेंटनं ते बंद केलं, म्हणून तर पुन्हा निवडून आला."

नॅपकिन पुढे आला. पहिल्या ओळीवर त्यांनी लिहिलं, 'लोक आळशी'. "आणि ते कशामुळे?"

"कशामुळे म्हणजे? कामाची सवय गेली."

दुसरी ओळ भरली. "आणि ते कशामुळे?"

इंजिनियर जरा घुटमळले. ज्या गावाबद्दल ते बोलत होते तिथली मोटारीच्या सुट्या भागांची फॅक्टरी बंद पडली होती, आणि ती बंद करायचा रिपोर्ट त्यांच्याच कंपनीनं लिहिला होता. "फॅक्टरी बंद झाली," ते पुटपुटले.

त्यांनी तिसरी ओळ भरली, नॅपकिन फिरवून इंजिनियरांसमोर ठेवला आणि म्हणाले, "आता खालून वर वाचा जी." आणि वरण-भात घ्यायला उठले.

मंडळातल्या पोरांनी त्यांचं नाव 'कशामुळेकाका' ठेवलं होतं. पोरं आपसात इंग्रजी बोलत, पण हा एक शब्द अगदी स्वच्छ मराठीत म्हणत. ते समोर आले की तीन बोटं आडवी धरून दाखवत, आणि ते खूश होत.

ते राज्याच्या आरोग्य खात्यात होते. मृत्यूचे दाखले वाचणं हे त्यांचं काम. राज्यात कुणीही मेलं की डॉक्टरनं भरलेला दाखला त्यांच्या कचेरीत येई. त्यात मरणाच्या कारणासाठी तीन ओळी असत. पहिलीवर शेवटी काय झालं ते, दुसरीवर ते कशामुळे, तिसरीवर ते कशामुळे. सगळ्यात खालची ओळ म्हणजे खरं कारण. त्या कारणाला त्यांनी एक आकडा द्यायचा, आणि असे सगळे आकडे मिळून वॉशिंग्टनला जायचे.

"डॉक्टर लोक पहिलीच ओळ भरतात आणि गोल्फ खेळायला जातात," ते सांगत. "लिहितात काय, तर हृदय बंद पडलं. अहो, हृदय बंद पडल्याशिवाय कोणी मेलंय का? विमान का कोसळलं, तर म्हणे जमिनीला लागलं!"

अशा डॉक्टरांना ते पत्र पाठवत. त्या पत्राचा मसुदा त्यांनी स्वतः केला होता आणि खात्यानं तो छापून घेतला होता. चार ओळींचं, फार नम्र पत्र. आपण दिलेल्या कारणामागचं कारण कृपया कळवावे, आपला रुग्ण नीट मोजला जावा एवढीच इच्छा आहे. कचेरीत सगळ्यात जास्त पत्रं त्यांची जात. साहेब वैतागत. ते पत्र पाठवायचं थांबवत नसत.

ते नागपूरचे. स्टॅटिस्टिक्समध्ये एम. एस्सी., घरात भिंतीवर बुद्धाची लहानशी तसबीर. मंडळात पहिल्यांदा आले तेव्हा एका काकूंनी त्यांना आडनाव विचारलं. मग नागपुरात राहायला कुठे ते विचारलं. मग म्हणाल्या, "अच्छा... म्हणजे..." आणि तिथेच थांबल्या. मी शेजारी होते. त्यांनी हसून खिशातलं पेन काढलं, टेबलावर नॅपकिन शोधला, आणि काय वाटलं कोण जाणे, पेन परत खिशात ठेवलं. तेवढी एक वेळ मी त्यांना प्रश्न न विचारता गप्प बसलेलं पाहिलं.

पुढे त्यांच्या पत्नी शनिवारच्या पॉटलक-जेवणाला जे पातेलं आणत ते बऱ्याचदा अर्ध्याहून जास्त भरलेलं परत जाई. आम्ही सगळे शिकलेले, अमेरिकेत राहणारे. कुणी काही बोलत नसे. पातेलं मात्र भरलेलं परत जाई.

त्रैमासिकात मी 'आतल्या माणसाशी गप्पा' असं सदर चालवत असे. मंडळातल्या लोकांपैकी जो कुठल्या सरकारी कचेरीत किंवा मोठ्या संस्थेत आत बसलेला असेल त्याला बोलतं करायचं. दिवाळी अंकासाठी मी त्यांना विचारलं. रविवारी सकाळी ते आमच्या किचनमध्ये येऊन बसले आणि तीन तास बोलले. त्या तीन तासांत मला अमेरिका जेवढी कळली तेवढी लायब्ररीतल्या इतक्या वर्षांच्या नोकरीत कळली नव्हती.

ते म्हणाले, "टीव्हीवर बातमी येते की वॉशिंग्टननं अमुक क्लिनिकांचे पैसे कापले. लोक टाळ्या वाजवतात. त्यानंतर काही महिन्यांनी माझ्या टेबलावर कागद वाढतात. पहिल्या ओळीत ते बजेट कुठेच दिसत नाही. दुसरीतही नाही. म्हणून कुणाला काही वाटत नाही."

मग ते नव्या रोगाबद्दल बोलले. त्या काळात त्याचं नाव आमच्या घरांत कुणी घेत नसे. तरुण पुरुषांचे दाखले येत, आणि पहिल्या ओळीवर असायचं न्यूमोनिया. खाली दोन ओळी कोऱ्या.

"तिशीतला धडधाकट पोरगा न्यूमोनियानं मरत नाही, वहिनी. मी पत्र पाठवतो. डॉक्टर चिडतात. एकदा एका आईनं फोन केला. लहान गावातली बाई. म्हणाली, प्लीज, न्यूमोनियाच राहू द्या, आमच्या चर्चमध्ये कळलं तर मला तिथे बसता येणार नाही. मी म्हटलं, मॅडम, तुमच्या गावात हा कागद कुणी बघणार नाही. मी फक्त मोजणार. ती म्हणाली, प्रॉमिस? मी म्हटलं, प्रॉमिस."

मी चहा पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"खोटं लिहिलं की तो पोरगा मोजला जात नाही. मोजला नाही की पैसे येत नाहीत. पैसे आले नाहीत की पुढचा मरतो. आणि पुढच्याच्या कागदावर पुन्हा न्यूमोनिया."

उठताना ते म्हणाले, "शेवटी एक परिच्छेद घाला. मी सांगतो तसाच लिहा." मी लिहून घेतला. रक्तपेढ्यांत रक्ताची तपासणी सुरू झाली त्याच्या आधीच्या काही वर्षांत ज्यांना ऑपरेशनच्या वेळी, बाळंतपणात, अपघातात रक्त चढवलं असेल त्यांनी स्वतःची तपासणी करून घ्यावी. हा रोग अमक्याचाच आणि तमक्याचाच नाही. शेवटचं वाक्य होतं, 'लाज वाटत असेल तर माझं नाव सांगा, मी बरोबर येईन.'

मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर होते. छापण्याआधी अंक त्यांच्याकडे जाई. त्यांनी फोन केला.

"वहिनी, मुलाखत फर्स्ट क्लास. फक्त तो शेवटचा पॅरा कॅन्सल करा. दिवाळी अंक आहे. घरात सासू-सासरे वाचतात, यार. आणि आपल्या लोकांत हे नसतं."

मी वाद घालायला हवा होता. घातला नाही. पान तयार होतं, पुन्हा सगळं हातानं लिहायचा कंटाळा आला होता, आणि मनातून मलाही ते अंकात नकोच होतं. तेवढ्या जागेची एक कागदाची पट्टी कापली, त्या परिच्छेदावर चिकटवली आणि तिच्यावर मायक्रोवेव्हमधल्या खोबऱ्याच्या वड्यांची कृती लिहिली. जागा अगदी बरोबर भरली. तेव्हा मला त्याचं समाधानही वाटलं होतं.

अंक निघाल्यावर दोन आठवड्यांनी आयसेलिनच्या भारतीय दुकानात किराणा घ्यायला गेले होते, तिथे ते भेटले. हातात तुरीच्या डाळीची पिशवी. "वड्या चांगल्या होतात का जी?" त्यांनी विचारलं.

मला कुठे बघावं कळेना. "भाऊ, जागा नव्हती."

"आणि ते कशामुळे?"

"अध्यक्ष म्हणाले की..." मी अडखळले. "ते म्हणाले, आपल्या लोकांत हे नसतं."

"'आपले' म्हणजे कोण कोण धरायचे? मोजणाऱ्याला कळायला हवं ना." हसले नाहीत. "आणि अध्यक्ष म्हणाले ते तुम्ही ऐकलंत. ते कशामुळे?"

मी पर्समधून किराण्याची यादी काढली आणि ती वाचायला लागले. त्यांनी पुढे विचारलं नाही, डाळीची पिशवी घेऊन रांगेत जाऊन उभे राहिले.

पुढच्या वर्षभरात ते वाळत गेले. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल दिसायला लागली. खोकला जाईना. मंडळात येणं कमी झालं, मग थांबलं. कुणी म्हणे डायबेटिस, कुणी म्हणे नोकरीचा ताण. माझ्या मनात शंका आली होती. ती मी मनातच ठेवली.

मग एका दुपारी ते लायब्ररीत माझ्या डेस्कसमोर येऊन उभे राहिले. बाहेर एप्रिल होता, तरी अंगावर ओव्हरकोट. खुर्चीत बसून आधी दम घेतला.

"वहिनी, तो परिच्छेद माझाच होता."

मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं.

"बायपासच्या वेळी रक्त चढवलं होतं. तेव्हा तपासणी नव्हती. तुमच्याकडे बोलायला आलो त्याच्या आदल्या आठवड्यात माझा रिपोर्ट आला होता. वाटलं, छापून आलं की कुणीतरी विचारेल, काका, तुम्ही केली का तपासणी? मग सांगता येईल. आपण होऊन सांगायचं धैर्य नव्हतं जी माझ्यात. दुसऱ्यांना प्रश्न विचारायची सवय, उत्तर द्यायची नाही."

मी रडायला लागले. त्यांनी माझ्या डेस्कवरच्या नोटपॅडचा कागद ओढला आणि खिशात पेन शोधायला लागले. पेन नव्हतं. मी दिलं. त्यांनी तीन ओळी मारल्या आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"माझ्या दाखल्यावर तिन्ही भरलेल्या पाहिजेत. एवढं तुम्ही बघा. बायको घाबरते, तिच्याच्यानं होणार नाही. आयुष्यभर लोकांना पत्रं पाठवली, आता माझ्याच कागदावर न्यूमोनिया लिहिलेला नको."

"बघीन, भाऊ."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस," मी म्हटलं.

ते ऑगस्टमध्ये गेले, दुपारी, हॉस्पिटलमध्ये. त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर म्हणजे आमचे अध्यक्षच. उपचारात त्यांनी काही कमी केलं नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. इतर लोक खोलीत जायला घाबरत तेव्हा ते रोज जात, हातात हात घेऊन बसत. वाईट माणूस नव्हता. आम्ही कुणीच वाईट नव्हतो.

खोलीबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये आम्ही चौघं उभे होतो. डॉक्टर, भाऊंच्या पत्नी, भाऊंची लेक आणि मी. लेक तेवीस वर्षांची, इथेच जन्मलेली. डॉक्टरांच्या हातात फॉर्म होता. पहिली ओळ त्यांनी भरलेली होती. न्यूमोनिया.

"बस, एवढंच ठेवा डॉक्टरसाहेब," पत्नी म्हणाल्या.

"आई, ही वुड हेट धिस," लेक म्हणाली. "यू नो ही वुड."

पत्नींनी तिच्याकडे बघितलंच नाही. माझा दंड धरला. "ताई, तुम्ही सांगा यांना. आमच्या घरचं लोक आधीच जेवत नाहीत. का जेवत नाहीत ते तुम्हालाही माहीत आहे. आता त्यांना दुसरं कारण देऊ नका. हिचं लग्न व्हायचंय."

त्यांच्या पातेल्यातलं मी किती वेळा वाढून घेतलं होतं, हे मला तेव्हा आठवायचं नव्हतं. पण आठवलं. मोजण्यासारखं फार नव्हतंच.

मी सांगू शकले असते की हा कागद कुणी बघणार नाही, तिथे ते फक्त मोजतात. त्या लहान गावातल्या बाईला त्यांनी हेच सांगितलं होतं. मला ते शब्दन् शब्द पाठ होतं. पण त्या बाईच्या आवाजात जी भीती असेल ती समोर उभी राहिली की पाठ केलेलं तोंडातून बाहेर येत नाही, किंवा माझ्या तरी आलं नाही.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही त्यांच्याशी बोलत होता. काय करू?"

लेक माझ्याकडे बघत होती.

"राहू दे," मी म्हटलं. "न्यूमोनिया पुरे."

डॉक्टरांनी सही केली. लेक वळून लिफ्टकडे चालायला लागली. आता ती माझ्याशी नीट बोलते, फोन करते, मावशी म्हणते, पण त्या दिवसाचा विषय तिनं आजपर्यंत काढलेला नाही.

अंत्यविधीला नागपूरकडचे काही विद्यार्थी फिलाडेल्फियाहून गाडी करून आले होते. त्यांनी त्रिसरण आणि पंचशील म्हटलं. आम्ही मंडळाचे लोक मागे उभे राहून अडखळत त्यांच्या मागोमाग म्हणत होतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तेही मी म्हटलं, सगळ्यांबरोबर, हात जोडून.

महिन्याभरानं डॉक्टरांचा फोन आला. "वहिनी, जरा क्लिनिकवर येऊन जाता का? फोनवर नको."

त्यांच्या टेबलावर आरोग्य खात्याचं पत्र होतं. चार ओळींचं, फार नम्र. आपण दिलेल्या कारणामागचं कारण कृपया कळवावे, आपला रुग्ण नीट मोजला जावा एवढीच इच्छा आहे. वर दाखल्याचा नंबर होता. तो कुणाचा हे आम्हा दोघांनाही वेगळं सांगायला नको होतं.

मसुदा भाऊंचा, सही त्यांच्या जागी आलेल्या बाईंची. त्यांनीच तिला काम शिकवलं होतं, तिचं नाव त्यांच्या तोंडून मी पुष्कळदा ऐकलं होतं. छापलेल्या मजकुराखाली तिनं पेननं इंग्रजीत एक ओळ लिहिली होती. 'त्यांनी विचारलं असतं, म्हणून विचारते आहे.'

मी ते पत्र दोनदा वाचलं. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. उत्तरासाठी खाली जागा सोडलेली होती, अगदी त्या परिच्छेदाएवढी.

"अजून लिहिता येईल," मी म्हटलं.

"त्यांच्या मिसेसना काय सांगू?" डॉक्टर म्हणाले. "तुमच्यासमोरच ठरलं होतं ना?"

ठरलं होतं. मीच ठरवलं होतं. मी पत्र त्यांच्याकडे सरकवलं. मग त्यांनी पेन उघडलं आणि त्या जागेत एक शब्द लिहिला, 'अज्ञात'. पत्राची घडी करून सोबत आलेल्या पाकिटात घातली.

"तुम्ही पोस्टावरूनच जाणार ना?"

पाकिटावर पत्ता छापलेला होता, तिकिटाची गरज नव्हती. ते पेटीत मी टाकलं.